सुईमहाराजांचा टाका

माझा मामा शिंपी. कपडे त्याने कधी वेळेवर दिले नाहीत, पण प्रवचनाला कधी उशीर केला नाही. लोक त्याला सुईमहाराज म्हणत. थट्टेत पडलेलं नाव पुढे आदराचं झालं, कारण त्याचे दाखले काळजाला भिडत. मोह सोडा असं नुसतं सांगितलं तर लोक जांभया देतात, हे तो पक्कं ओळखून होता. त्या दिवशी प्रवचनात त्याने खिशातून जुन्या सदऱ्याची चिंधी काढली.

"विरलेल्या कापडात टाका धरत नाही," तो म्हणाला. "शिवाल तेवढं फाटेल. सोडायला शिका."

चिंधी टरकन फाटली. पहिल्या रांगेत माझी आई डोळे पुसत होती.

आईच्या पोटात गाठ होती. लवकर काढली तर बरी होईल, असं डॉक्टर म्हणाले होते. प्रवचनाहून घरी येऊन तिने ऑपरेशनला साफ नकार दिला. दादा माझ्यासाठीच बोलला, म्हणाली; शरीर विरलंय, टाके धरायचे नाहीत.

मी मामाला दुकानातून अक्षरशः ओढत आणलं. अगं, मी मोहाबद्दल बोलत होतो, तुझ्या पोटाबद्दल नाही, असं तो आईला परोपरीने सांगत राहिला. आई ऐकत होती, पण वाट पाहत होती ती दुसऱ्याच कशाची तरी.

"दाखला दे ना, दादा."

"सुचत नाही गं. नुसतं ऐक माझं."

"मग तुलाच पटलेलं नाही," ती म्हणाली, तेही मायेने.

सख्ख्या बहिणीसाठी त्याला एकही दाखला सुचेना. रोज यायचा, खाली मान घालून बसायचा, जायचा. मला त्याची कीव येत नव्हती. दिवस हातातून जात होते.

काल नवे रिपोर्ट घेऊन मी दवाखान्यात गेले. गाठ पसरली होती. आता कापण्यात अर्थ नाही, डॉक्टर म्हणाले.

घरी आले तर मामा आईच्या उशाशी बसला होता. चेहरा उजळलेला.

"गुलाबाची कीड लागलेली फांदी आपण छाटतो," तो सांगत होता, "ती झाड नकोसं झालं म्हणून नाही गं. हवं असतं म्हणून."

आई कितीतरी दिवसांनी हसली. "हे पटलं, दादा." मग दारात उभ्या असलेल्या माझ्याकडे वळून म्हणाली, "कधी जायचं गं ऑपरेशनला?"