मायच्या वयाचा सौदा

बैल मारका आहे हे मला माहीत होतं. शहागडकडच्या ज्या शेतकऱ्याकडून तो घेतला, त्याने तसं सांगितलं नव्हतं. पण त्याची दोन्ही पोरं बैलाला लांबूनच वैरण फेकत होती, तेवढ्यावरून मी ओळखलं आणि ओळखून भाव पाडला. बैलांचा धंदा मी तीस वर्षं करतो आहे. अंगावरच्या कपड्यानिशी सुरुवात केली, कुणाचा आधार नव्हता. जे कमावलं ते समोरच्याच्या तोंडाकडे आणि जनावराच्या पायांकडे बघून कमावलं.

तो बैल चार दिवसांत पुढे विकायचा होता. तिसऱ्या दिवशी सकाळी माय भिजवलेल्या पेंडीची बादली घेऊन त्याच्यासमोर गेली. त्याने नुसती मान झटकली. ती उडून दगडी हौदाच्या कडेवर पडली आणि हाड मोडल्याचा आवाज मला ओसरीवर ऐकू आला.

मी धावलो, पण आधी बैलाकडे. हातात जुवाची शिवळ, ती लाकडी खुंटी आली, तिने त्याला नाकाडावर, डोळ्याखाली, जिथे लागेल तिथे हाणलं. त्याच्या नाकपुडीतून रक्त आलं तरी थांबलो नाही. दावं करकचून त्याची मान खांबाला लागली होती आणि तो ओरडतही नव्हता, नुसता फुसफुसत होता. बायको ओरडली, "अहो, त्याला काय मारून राह्यले? आत्याबाईला उचला आधी!"

माय जमिनीवर पडल्या पडल्या म्हणाली, "मुक्या जनावराला मारू नको रे."

जालन्याच्या दवाखान्यात फोटो काढला. खुबा मोडला होता. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करावं लागेल, आणि या वयात जितकं लवकर तितकं बरं. फार दिवस पडून राहिल्या तर छाती भरेल, पाठीला जखमा होतील. तोवर तिच्या पायाला दोरी बांधून पलंगाच्या टोकाला वजन लटकवलं.

तिथल्या योजनेच्या खिडकीवरच्या बाईंनी सगळं समजावलं. रेशनकार्डावर फुकट ऑपरेशनची एक योजना होती, पण आम्हा भावांच्या वाटण्या झाल्या तेव्हा जुन्या कार्डातून मायचं नाव कमी झालं होतं आणि नव्यात चढवायचं दोघांपैकी कुणालाही सुचलं नव्हतं. बाई म्हणाल्या, "सत्तरीच्या वरचं कार्ड काढा ना. त्याला रेशनकार्ड लागत नाही, उत्पन्नाचा दाखला लागत नाही. फक्त आधार. एका दिवसात होतं."

मला विश्वास बसला नाही. मी म्हणालो, "माझ्याकडं जीप हाय. बारा एकर हाय. मला कोण देतंय?"

"तुम्हाला नाही, आईंना द्यायचं आहे. जमीन, जीप, काही बघत नाहीत. वय सत्तर पूर्ण पाहिजे, एवढंच."

माय पंच्याहत्तरीला टेकली होती. मी खुशीत अंबडच्या बाजूला आमच्या महसूल सर्कलच्या मोठ्या गावी आलो. तिथे एक चाळिशीचा माणूस आधारचं आणि अशा कार्डांचं सेंटर चालवतो. दुकानात सातआठ जण बसले होते. त्याने मायचा नंबर टाकला, पडद्याकडे बघितलं आणि म्हणाला, "मामा, बसत न्हाई हे. सदुसष्ट दाखवतंय."

तेव्हा मला आठवलं.

तेरा वर्षांपूर्वी गावच्या शाळेत आधारचा कँप लागला होता. माय त्याच शाळेत खिचडी शिजवायची. नवीन हेडमास्तर आले होते आणि साठीच्या पुढची बाई ठेवणार नाही म्हणत होते. मायला ते काम सोडायचं नव्हतं. शाळेत ती कुणाची माय नव्हती, कुणाची विधवा नव्हती, तिथे तिचा शब्द चालायचा. कँपवाल्याने विचारलं, वय? जन्माचा कागद कुणाकडेच नव्हता, सांगेल ते लिहीत होते. बासष्ट म्हणायच्या ऐवजी मी चोपन्न म्हणालो. हेडमास्तर हे निमित्त होतंच, पण खरं सांगायचं तर माझी जीभच तशी वळलेली. बाजारात जनावराचं खरं वय जो सांगतो तो घरी रिकाम्या हाताने येतो. दात जुळलेला, म्हणजे पुऱ्या वयाचा बैल मी सहादाती, तरणा म्हणून किती वेळा विकला असेल! माय ठशांच्या रांगेत मागे होती, तिला ते ऐकू गेलं नाही. कँपवाल्याने चोपन्न लिहिलं आणि मला वाटलं, आठ वर्षं फुकटात मिळाली.

आता तीच आठ वर्षं आडवी आली होती.

मी सेंटरवाल्याला म्हणालो, "तीन वर्षांचा तर फरक हाय. सदुसष्टचं सत्तर धरा."

"धरा म्हंजे? मी धरत न्हाई, मशीन धरतं."

"बरं, अडुसष्टनं होतंय का?"

दुकानातले हसले. तोही हसला. "मामा, हा काय बैलबाजार हाय का, एक पायरी तुम्ही उतरा, एक मी उतरतो? सत्तर म्हंजे सत्तर."

"माय पंच्याहत्तरची हाय माझी. दुष्काळात खडी फोडत होती तवा मी तिच्या झोळीत होतो."

त्याने माझंही कार्ड मागितलं, बघितलं आणि बोटांवर हिशोब करत लोकांकडे तोंड करून म्हणाला, "तुम्ही पंचावन्न, आजी सदुसष्ट. मंग बाराव्या वर्षीच झाले का तुम्ही?"

लोक मोठ्याने हसले.

त्याने ते घाण मनात ठेवून म्हटलं नव्हतं, हे मला आज कळतं. आकडा मीच दिला होता, त्याने फक्त वजाबाकी केली. पण त्या क्षणी मला दिसलं ते एवढंच, की माझ्या मायवर आठ माणसं हसून राहिली आहेत. मी टेबलावरून हात टाकून त्याची गचांडी धरली आणि कानाखाली अशी मारली की तो खुर्चीसकट मागच्या झेरॉक्सच्या मशीनवर गेला. मशीनच्या झाकणाची काच फुटली. त्याचा ओठ फुटला. दोघांनी मला मागून धरलं, त्यातल्या एकाला मी कोपराने छातीत दिलं. मला रस्त्यावर आणून सोडलं तेव्हा माझा शर्ट खांद्यापासून फाटला होता आणि मी अजून शिव्या देत होतो.

घरी बायको म्हणाली, "चार बैल विका अन् मोकळे व्हा. आत्याबाई तिकडं वजन बांधून पडल्यात."

ती बराबर बोलत होती. दारात अकरा बैल उभे होते. पण मी म्हणालो, "हक्काचं हाय ते. हक्काचं मी कुणाच्या बापाला सोडत न्हाई." माझ्यासमोर ती फार बोलत नाही, कारण मी बोलू देत नाही.

आधारावरचं वय दुरुस्त करायला जन्माचा दाखला हवा होता. मायचं माहेर हसनाबादच्या पलीकडे. भोकरदनला तहसीलमध्ये जुन्या नोंदवह्या होत्या, कोतवालांनी गावोगाव लिहिलेल्या, निजामाच्या वेळेपासून उर्दूत. मी पाच दिवस चकरा मारल्या. एकदा शिपायाच्या अंगावर धावून गेलो, त्याने दार लावून घेतलं आणि तो दिवस वाया गेला. शेवटी उर्दू वाचणारे एक म्हातारे गृहस्थ भेटले. ते चष्म्यावर चष्मा धरून वाचायचे. मायच्या वडिलांच्या नावावर त्यांनी बोट ठेवलं.

"ये देखो. लडकी, दुसरी. नाव लिहिलेलं न्हाई."

"नाव का न्हाई?"

"कोण लिहिणार, बाबा? मुलगी झाली, नोंद झाली, बस."

माय दुसऱ्या नंबरचीच मुलगी होती. मोठी मावशी लहानपणीच गेली. वर्ष जुळलं. मायच्या भावाने शपथपत्र दिलं आणि दाखला हातात आला. दाखल्यावर माय पंच्याहत्तरचीच निघाली.

दवाखान्यात तोवर तिला खोकला सुरू झाला होता. रात्रंदिवस उताणं पडून तिची पाठ लाल झाली होती. आता तिच्या बोटांचे ठसे पुन्हा घ्यायचे होते, म्हणजे मशीन पलंगापाशी न्यावं लागणार होतं. आणि आमच्या भागात असं मशीन उचलून नेणारा माणूस एकच होता.

मी त्याच्या दुकानात गेलो. काच नवीन होती, ओठावरची खपली तशीच होती. त्याने माझ्याकडे बघितलं आणि समोरच्या बाईचं काम संपवलं. मग म्हणाला, "बोला."

मी सांगितलं.

"येतो," तो म्हणाला. "पण आधी माझं द्या."

"काचेचं देतो."

"काच मी बसवली. कानाखालचं द्या."

मी म्हणालो, "माफी मागतो की."

"माफी नको मला. मामा, माझी बायको त्या दिवशी आत बसल्ती. तिनं बघितलं."

तो मागे हटणारा गडी नव्हता, समोरच्याने भाव पक्का केला की मला कळतं. "एकाला एक," मी म्हणालो. "कोपर मोजायचं न्हाई, ते दुसऱ्याला होतं."

"एकाला एक."

त्याने बायकोला आतून बोलावलं. दुकानातल्या लोकांना थांबायला सांगितलं. मी हात मागे बांधून उभा राहिलो, कारण सुटे ठेवले असते तर ते उठले असते. त्याने चांगली मारली. माझा कान दोन दिवस वाजत होता. त्याची बायको म्हणाली, "झालं ना? जा आता म्हातारीकडं," आणि त्याने मशीन पिशवीत भरलं.

मी त्याला जीपने जालन्याला नेलं.

वॉर्डात त्याने स्टुलावर मशीन मांडलं. मी मायला सांगितलं, बोट ठेव. तिने विचारलं, कशाला? मी म्हणालो, वय चुकलं होतं, बराबर करायचं आहे.

"म्हंजे तवा खोटं लिवलं होतं?"

"लिवलं होतं. तुझ्या खिचडीसाठीच लिवलं."

तिने हात पांघरुणात ओढून घेतला. "साठीच्या पुढं मी शाळेचे पैशे खोटे घेतले म्हंजे. आता मीच अंगठा देऊन सांगू, मी चोर हाय म्हणून? मी न्हाई देणार."

"कोण विचारतंय तुला?"

"देव विचारतो. शाळेतली पोरं विचारतील."

मी समजावलं, एकदा, दोनदा. ती तोंड भिंतीकडे करून पडली. माझ्या डोक्यात पाच दिवसांच्या चकरा होत्या, सगळ्यांसमोर खाल्लेली थप्पड होती, वाजणारा कान होता. मी पांघरूण ओढलं, तिचं मनगट धरलं, मुठीतून बोटं एकेक सोडवली आणि मशीनच्या काचेवर दाबली. ती ओरडली. मनगट काठीएवढं होतं. ती मागे ओढत होती आणि मी दाबत होतो, आणि पायाला बांधलेलं वजन पलंगाच्या लोखंडावर आपटत होतं. शेजारच्या पलंगावरची बाई "अहो, अहो" करत उठून बसली.

सेंटरवाल्याने मशीन बाजूला ओढलं.

"असं न्हाई घेत मी," तो म्हणाला. "बाहेर जा तुम्ही."

"घे म्हणतो ना!"

"मामा, बाहेर जा. न्हाईतर मी चाललो मशीन घेऊन."

मी त्याला मारणार होतो. हात उठलाही होता. मायच्या उशाशी बसलेल्या बायकोने मध्ये येऊन माझी छाती दोन्ही हातांनी ढकलली, लग्नाच्या इतक्या वर्षांत पहिल्यांदा, आणि मला दारापर्यंत ढकलत नेलं.

आत काय झालं ते नंतर तिनेच सांगितलं. त्याने मायला मशीनचं काहीच विचारलं नाही. दोनशे पोरांची खिचडी एका वेळी कशी शिजवायची ते विचारलं. ती बोलली. मग तो म्हणाला, आजी, काम तुम्ही खरं केलं, आकडा दुसऱ्यानं खोटा सांगितला, हा कागद फक्त आकड्याचा हाय. द्यायचं नसेल तर न्हाई, मी जातो. मग तिने स्वतः हात बाहेर काढला. चुलीच्या कामाने बोटांवरच्या रेषा गेल्या होत्या, ठसे नीट उमटेनात, म्हणून डोळ्यांचा फोटो घेतला.

आठवड्याभराने दुरुस्ती आली. त्याच दिवशी त्याने कार्ड काढून दिलं. तिसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, आधी झालं असतं तर बरं होतं, पण निभावलं. मी सगळ्यांना सांगतो, की वय सत्तर असेल तर श्रीमंत-गरीब न बघता मिळतं, पण आधारावर बघून घ्या, आजच बघा, म्हातारं माणूस पडल्यावर नका बघू. लोक ऐकतात आणि मग विचारतात, तुम्हीच ना तो, ज्यानं सेंटरवाल्याला मारलं?

माय आता वॉकरने चालते. तिच्या मनगटावरचं निळं कधीच गेलं. तिने तो विषय घरात कुणाकडे काढला नाही, माझ्याकडेही नाही. आणि माझी तक्रार हीच आहे, की ती भांडतही नाही आणि मी केलेलं मानतही नाही. भोकरदनला मी गेलो, थप्पड मी खाल्ली, हक्काचं मी मिळवून दिलं. हे मी घरात मोठ्याने म्हणतो, चार माणसं बसलेली असताना म्हणतो. ती ऐकते आणि भाकरी कुस्करत राहते.

रोज सकाळी ती उन्हात बसायला बाहेर येते. उंबऱ्याला वॉकर अडतो, तिथे कुणीतरी धरावं लागतं. मी जवळ असलो की हात पुढे करतो. ती थांबते, आत तोंड करून सुनेला हाक मारते, आणि मी बाजूला होईपर्यंत पाऊल उचलत नाही.