शनिवारचा फोन

आमचा कारखाना स्प्रिंगा तयार करतो. करंगळीच्या पेरावर मावतील एवढ्या लहान स्प्रिंगा. कुलपांत, पंपांत, मोटारींच्या ब्रेकमध्ये त्या बसतात. सुरुवात खडकीत भाड्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये झाली. आज कात्रजच्या पुढे आमच्या दोन इमारती आहेत आणि निम्म्याहून अधिक माल जर्मनीत जातो. तो तेथवर कसा पोहोचला, हे मला अनेकदा विचारले जाते. कारखानदारांच्या सभांतून मी त्याचे उत्तर दिले आहे. ते उत्तर खरे आहे, पण पुरे नाही.

मुलाला मी स्वतः जर्मनीला पाठवले. परदेशातील ग्राहक केवळ नमुना पाहून माल घेत नाही. तक्रार केल्यावर समोर कोण उभे राहते, हे तो पाहतो. तेथे आपले माणूस हवे होते. दोन वर्षांची बोली होती. त्याने तेथे गोदाम घेतले, भाषा शिकून घेतली, लग्न केले, त्याला मुलगी झाली. दोन वर्षांचा विषय पुन्हा कोणी काढला नाही. मीही काढला नाही. धंदा वाढत होता.

आमच्या बोलण्याची वेळ ठरलेली होती. शनिवार, संध्याकाळी पाच. त्याच्याकडे तेव्हा दुपार असे. विषयही ठरलेले: नव्या ऑर्डरी, तक्रारी, जहाजावर चढलेला माल. बाकीचे सगळे तो आपल्या आईशी बोले, निराळ्या दिवशी, तासभर. मला त्यातले थोडे जेवताना कळे. ती गेल्यावर ते कळणे थांबले. शनिवारचा फोन तेवढा राहिला. वीस मिनिटे. त्यासाठी मी कामगार गेल्यावरही कचेरीत थांबत असे.

ऑर्डरी वाढल्या तसा मुलगा म्हणू लागला, "बाबा, निर्यातीसाठी मॅनेजर नेमा. सगळं तुमच्या-माझ्या फोनवर किती दिवस चालवायचं?"

"आताच काय घाई आहे?"

"दोन ग्राहक होते तेव्हा ठीक होतं. आता अकरा आहेत."

"अकराही मला तोंडपाठ आहेत."

"तुम्हाला आहेत. बाकीच्यांना?"

मी मुलाखती घेतल्या. एकाचे इंग्रजी कच्चे होते. दुसऱ्याचा अनुभव औषधांच्या धंद्यातला होता. तिसरा फार बोलत होता. ही कारणे खोटी नव्हती. परंतु मॅनेजर आला की शनिवारचा फोन त्याचा होणार, हे मला ठाऊक होते. तेवढ्यासाठी मी ती जागा दीड वर्ष रिकामी ठेवली. हे मी प्रथमच लिहीत आहे.

अशाच एका शनिवारी मुलाने सांगितले की, आमच्या सर्वांत मोठ्या ग्राहकाने जुळणीसाठी रोबो बसवले आहेत. पुढच्या खेपेपासून स्प्रिंगा पिशवीत सुट्या नकोत. खाचांच्या ट्रेमध्ये एकेक मांडून हव्यात. पिशवीत त्या एकमेकींत अडकतात. माणूस गुंता सोडवून पुढे जातो; यंत्र थांबते. मी ते डायरीत लिहून घेतले. एरवी फोन तेथे संपला असता. त्या दिवशी तो बोलत राहिला. मुलीचा दात पडला होता. तिने तो काड्यापेटीत ठेवला होता आणि कोणाला हात लावू देत नव्हती. मग थंडीचे निघाले. मग आमटीचे, आईसारखी जमत नाही म्हणाला.

"चिंच कधी घालतोस?" मी विचारले.

"डाळीबरोबरच. एकदम कुकरला."

"म्हणून. डाळ शिजू दे, मग घाल."

"तुम्हाला हो कसं माहीत?"

"तुझ्या आईची बोलणी खाल्लीत त्यावरून."

तो हसला. पाऊण तास झाला होता.

सोमवारी मी डायरी उघडली नाही. त्या फोनमधले मला जे आठवत होते, त्यात ट्रे नव्हते.

माल पिशव्यांतून गेला. तिकडे जुळणीची रांग बंद पडली. त्यांच्या कामगारांनी तीन दिवस बसून हातांनी गुंते सोडवले. त्यानंतर ग्राहकाने निम्मी ऑर्डर दुसऱ्या देशातील कारखान्याला दिली.

पॅकिंगचे काम पाहणारी बाई कात्रजजवळच्या गावातली, आमच्याकडे वीस वर्षे आहे. ती सरळ माझ्या खोलीत आली.

"साहेब, हापिसातली पोरं आमच्यावर ढकलत्यात. आमाला कुनी काय सांगितलंच न्हाई. पिशव्या भरायची सवय हाय, भरल्या."

"तुमची चूक नाही."

"मग कुनाची हाय?"

"माझी."

तिने माझ्याकडे नीट पाहिले. "मग त्या पोरांना तेवढं सांगा," म्हणाली आणि कामाला गेली. मी सांगितले.

मुलगा रागावला नाही. रागावता तर बरे झाले असते.

"बाबा, मी सांगितलं होतं ना?"

"सांगितलं होतंस."

"मग?"

"राहिलं."

"तुमचं कधी काही राहत नाही."

पुढच्या महिन्यात मॅनेजर नेमली. नागपूरकडची, पस्तिशीतली, कामाला चोख. तिने मंगळवारची बैठक सुरू केली. पडद्यावर इकडचे सहा आणि तिकडचे दोघे. तिकडे ठरलेला बदल तासाभरात पॅकिंगपर्यंत पोहोचू लागला. गेलेली निम्मी ऑर्डर वर्षाच्या आत परत आली. पोलंडमध्ये नवा ग्राहक मिळाला. हे सर्व दीड वर्ष आधी होऊ शकले असते.

ती येऊन दोन महिने झाले, तेव्हा तिने विचारले, "सर, शनिवारचा कॉल ड्रॉप करू या का? मंगळवारी सगळं कव्हर होतं. उगाच डबल काम."

"करा."

"मग तुम्ही मंगळवारी जॉइन होणार?"

"माझी गरज आहे का?"

ती खरे बोलते, म्हणूनच नेमली. "तशी नाही, सर."

पाच शनिवार गेले. सहाव्या शनिवारी मी विश्रांतवाडीला घरीच होतो. पाचला फोन मी लावला.

"बाबा? काय झालं?"

"काही नाही."

"माल अडकलाय का?"

"माल बुधवारीच गेला."

तो बाजारात असावा. मागे माणसांचे आवाज होते. सांगायचे ठरवले होते ते मी सांगितले.

"मॅनेजर आधीच नेमायला हवी होती. मी मुद्दाम नेमली नाही."

"माहीत आहे, बाबा. पगाराचा विचार केलात. कुणीही केला असता. आता ते मनात ठेवू नका."

तो समजुतीने बोलत होता. त्याचे कारण कारखानदाराला शोभणारे होते. माझे कारण सांगायला आणखी एक वाक्य पुरले असते. ते माझ्यापाशी तयारही होते.

"हो," मी म्हणालो. "पगाराचाच."

"अजून काही होतं का?"

"नाही."

"मग ठेवू?"

"ठेव."