पाळण्याच्या चालीवर काढलेला देखावा

डिचोलीच्या बसस्टँडमागे दत्तारामकाकाचा स्टुडिओ आहे. पासपोर्टचे फोटो, लग्नं, मुंजी, खाणीवरच्या कामगारांचे ओळखपत्राचे चेहरे. आरशासमोरच्या पावडरच्या डब्याने निम्म्या तालुक्याला गोरं केलंय. चवथीच्या आरतीला काकाच्या हातात घुमट, ते मातीचं चामडं लावलेलं वाद्य, आलं की झोपलेली म्हातारीसुद्धा उठून टाळ्या वाजवते. हे सगळं तोच सांगतो, मी फक्त लिहितो.

गोवा घटकराज्य झालं त्या वर्षी वाचनालयाने दर्शनी भिंतीवर तालुक्यातल्या एका देखाव्याचा मोठा फोटो लावायचं ठरवलं. काकाने नार्व्याच्या कुळागरातून, म्हणजे पोफळींच्या बागेतून, दिसणारी नदी टिपून आणली. अध्यक्ष बाबुरावांनी चष्मा पुसून पाहिलं.

"दत्ताराम, आभाळ खंय रे? का कोणी धोतर वाळत घातलंय?"

दुसऱ्या फोटोत आभाळ आलं, ढगांसकट. पण पोफळींचा पार कोळसा झाला.

"आयतवारपर्यंत दोन्ही एका फोटोत आण," बाबुराव म्हणाले. "ना जाल्यार पणजीचा फोटोग्राफर आपयतां."

पणजीचा बोलावणार! ज्या भिंतीसमोर अख्खी डिचोली पेपर वाचते, तिथे दुसऱ्याचं नाव? काका त्या दिवशी जेवला, पण मासळीला नाव न ठेवता. घरात सगळे घाबरले.

मग त्याने बापाचा लाकडी कॅमेरा माळ्यावरून काढला. त्याला बटण नाही. काचेवरचं झाकण काढायचं, मनात वेळ मोजायची, झाकण लावायचं. काकाने एक पुठ्ठा काजळाने काळा केला. काचेचा वरचा भाग पुठ्ठ्याने झाकून हलकेच हालवत राहायचं, म्हणजे कडेची रेघ उमटत नाही. तेवढ्या वेळात झाडं सावकाश उजळतात. शेवटी क्षणभर पुठ्ठा काढला की झगझगीत आभाळाला तेवढं पुरतं.

शुक्रवारी पहाटे तो नार्व्याला गेला. डाव्या हातात पुठ्ठा, उजव्याने मांडीवर आरतीचा ठेका. एक आरती संपली की पुठ्ठा बाजूला. डार्करूममधून बाहेर आला तो कोळसा घेऊनच. ढग मात्र सुरेख.

पद्मावतीकाकू नारळ खवत होती. तिने फोटो नाही पाहिला, नवऱ्याची मांडी पाहिली. ती अजून वाजतच होती.

"अवो, आरती संपत आली की तुमचा हात पळत सुटतो. चवथीला आम्हांला टाळ्या वाजवताना दम लागतो. त्या बिचाऱ्या झाडांना कसला वेळ मिळणार?"

"मग काय, गप्प बसून मोजू?"

"तुम्ही? गप्प?" काकूने खोबऱ्याची वाटी बाजूला ठेवली. "पाळणा म्हणा. पाळण्याची चाल शेवटी धावली तर पोर जागं होतं."

"मी पाळणा म्हणू?"

"नको, झाडं सुकतील. मीच येते."

शनिवारी पहाटेच्या बसने दोघं नार्व्याला गेली. देवळाकडे निघालेला धाकू पुजारी वाटेत थबकला: कुळागरात कॅमेऱ्यावर वाकलेला दत्ताराम, आणि शेजारी पदर खोचून उभी पद्मावती, समोर पोर ना पाळणा, तरी गातेय. काकूने त्याला डोळ्यांनीच गप्प केलं. कडवं संपलं, ध्रुपदाला पुठ्ठा हटला, ध्रुपद संपताच झाकण बसलं.

रविवारी बाबुरावांनी फोटो खिडकीपाशी नेला. पोफळींच्या खोडांवरची वलयं दिसत होती, पाण्यातली होडी दिसत होती, वर ढग होते. बाबुरावांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. मग शिपायाला म्हणाले, "खिळा मोठा आण रे."

"वेळ किती दिलास?" त्यांनी विचारलं.

"पाळण्याचं एक कडवं आणि एक ध्रुपद."

"थट्टा करतोस?"

"आमच्या हिला विचारा."

फोटो अजून तिथेच आहे. खाली काकाच्या वळणदार अक्षरात लिहिलंय: 'छायाचित्र: दत्ताराम. वेळ: सौ. पद्मावती.' काकू पेपर वाचत नाही, पण बाजाराला जाताना वाचनालयात डोकावतेच, आणि चौकट तिरकी नसली तरी पदराने पुसून सरळ करते.