मास्तरनं सुधारलेला अंक

आम्हा तिघांत मैत्री होती असं कुणी म्हणालं, तर मी आजही त्याच्याशी भांडेन. नव्वदच्या दशकात आम्ही रविवारी सकाळी नगरला माळीवाडा स्टँडबाहेरच्या एका चहाच्या टपरीवर जमायचो, प्लॅस्टिकच्या पिशव्यांतून जुनी कॉमिक्स काढायचो आणि जेवणाची वेळ होईपर्यंत एकमेकांचे वाभाडे काढायचो. मैत्री असती तर एकमेकांच्या घरी जाणंयेणं असतं. ते कधी झालं नाही. माझं आडनाव पहिल्याच रविवारी विचारून झालं होतं, त्यांना तेवढी ओळख पुरे होती.

मी केडगावला राहून एका कारखान्यात स्टोअर सांभाळायचो. दुसरा काष्टीचा, शेळ्यांचा व्यापारी. बाजारात शेळीचे दात बघावेत तसा तो अंकाच्या पिना बघायचा, गंजल्यात का, कुणी बदलल्यात का. तिसरा सोनईकडचा, शाळेत चित्रकला शिकवणारा मास्तर. त्याला तोंडावर मी अहो-जाहो करायचो आणि मनात अरे-तुरे. इथं मनातलंच लिहितो.

मास्तरच्या मते खऱ्या कॉमिक्सचा काळ एकच, पिवळट जाड कागदाचा. पुढं गुळगुळीत कव्हरं आली, रंग भडक झाले आणि तिथं चित्रकला मेली. मी त्या भडक रंगांवर वाचायला शिकलेला, म्हणजे त्याच्या लेखी उकिरड्यावरच वाढलेला. हे तो चहाचा घोट घेता घेता, अगदी सहज म्हणायचा. मी सांगायचो की पिवळा कागद हा काही गुण नाही, छापणाऱ्याकडं पैसे नव्हते एवढाच त्याचा अर्थ. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, दुसरं काय. व्यापाऱ्याला काळाशी देणंघेणं नव्हतं. ज्याला गिऱ्हाईक न्हाई त्याला किंमत न्हाई, एवढं बोलून तो मोकळा व्हायचा, आणि मग आम्ही दोघं मिळून त्याच्यावर तुटून पडायचो.

सगळ्यात जुनं भांडण घुबडवाल्याचं. पिवळ्या काळाच्या अखेरीला आलेला हा नायक, कायम खांद्यावर घुबड घेऊन फिरणारा. तो पहिल्यांदा आला कुठल्या अंकात? मास्तरकडं एक अंक होता, त्यात घुबडवाला पहिल्या पानापासून शेवटपर्यंत आहे. माझ्याकडं त्याच्या आधीचा अंक होता. ती रेल्वेतल्या दरोड्याची वेगळीच गोष्ट. पण शेवटच्या चौकटीत डब्याच्या भिंतीवर एका माणसाची सावली पडते आणि त्या सावलीच्या खांद्यावर घुबड असतं. मी म्हणायचो, हाच पहिला. मास्तर म्हणायचा, सावलीला कुणी येणं म्हणत नाही, चित्रकाराला कोपरा रिकामा वाटला म्हणून त्यानं एक पक्षी बसवला. पुण्याचे संग्राहक अधूनमधून यायचे. त्यांनी कोणाचा अंक हातात घेऊन वाहवा करायची, हा खरा प्रश्न होता.

शिवाय माझ्या अंकावर पेन्सिलीनं लिहिलेलं होतं. मास्तरनं तो पहिल्यांदा चाळला तेव्हा तो हसला. म्हणाला, यावर कुणीतरी कोंबडी फिरवलीय. असला गिरगटलेला अंक पहिला ठरला काय आणि शेवटचा ठरला काय, त्याला रद्दीचाच भाव.

ती कोंबडी माझी आई होती. आई-वडील हंगामात कोयता घेऊन ऊसतोडीला जायचे. साक्षरतेचे वर्ग सुरू झाले तेव्हा आई पन्नाशीला टेकली होती. आमच्या वस्तीवरच्या विहारात संध्याकाळी वर्ग भरायचा. तिथल्या पुस्तकातली अक्षरं तिच्या डोळ्यांना बारीक वाटायची, कॉमिक्समधली मात्र हातानं काढलेली, टपोरी. म्हणून ती माझा हा अंक घेऊन बसायची आणि माणसांच्या तोंडून निघालेल्या फुग्यांखाली तेच शब्द उतरवायची. थांब. कोण आहे. गाडी थांबवा. आतल्या कव्हरवर ‘हा अंक कोणाचा’ असं छापून पुढं एक रेघ मोकळी सोडलेली होती. तिथं तिनं आपलं नाव लिहिलं. स्वतःचं नाव स्वतःच्या हातानं तिनं पहिल्यांदा लिहिलं ते तिथं. पुढं थोड्याच दिवसांत तिला आजारानं धरलं आणि ती गेली. तिच्या अक्षराचं घरात दुसरं काही नव्हतं. बाकी सगळीकडं अंगठा.

हे मी त्या दोघांना सांगितलं नाही. का सांगावं? कोंबडी म्हणून हसलेल्या माणसापुढं आई मांडायची नसते.

एका रविवारी व्यापारी काष्टीच्या बाजारातून मास्तरकडं होता त्याच अंकाची दुसरी प्रत घेऊन आला, पण मूळ पिनांची. मास्तरचे सगळे अंक लाल कापडात बांधलेले, कडा मशीनवर एकसारख्या कापलेल्या. त्या बाइंडिंगचा त्याला भारी तोरा. व्यापाऱ्यानं आपल्या अंकाचं पहिलं पान उघडलं आणि अगदी खालच्या कडेवर बोट ठेवलं. तिथं बारीक अक्षरांत छापलेलं होतं, रेल्वेतली ती सावली कोणाची? मागचा अंक पाहा. मास्तरच्या अंकात ही ओळच नव्हती. बाइंडरनं कडा कापल्या तेव्हा त्यांच्याबरोबर तीही गेली होती.

मला इतका आनंद आयुष्यात फार थोड्या वेळा झालाय. मी ती ओळ मोठ्यानं वाचली, मग टपरीवाल्याला वाचून दाखवली, मग पुन्हा मास्तरला. एरंडेल प्यायल्यासारखा त्याचा चेहरा झाला होता. तरी सुंभ जळला आणि पीळ राहिलाच, छपाईत अशा चुका होतात, असं त्यानं म्हणून बघितलंच. त्यावर व्यापारी हसायला लागला.

आमच्यात एक रीत होती. वाद हरलेल्यानं जिंकलेल्याचा अंक घरी न्यायचा, आठवडाभर त्याची सेवा करायची, फाटलं असेल ते चिकटवायचं, सुटलं असेल ते टाचायचं आणि पुढच्या रविवारी सगळ्यांदेखत परत करायचा. याला आम्ही दंड म्हणायचो. व्यापारी म्हणाला, जाऊ द्या, मास्तर वयानं मोठे हायेत. मी ऐकलं नाही. मास्तरनं माझ्या वस्तीवरच्या अंकापुढं खाली मान घालून, हाताला खळ लावून बसावं, हे मला हवंच होतं. तो अंक पिशवीत घालून सोनईच्या गाडीला गेला.

पुढच्या रविवारी मास्तर आमच्या आधी येऊन बसला होता. अंक त्यानं धुतलेल्या रुमालात बांधून आणला होता. कव्हरचा फाटका कोपरा असा जोडला होता की सांधा सापडू नये. मी वरवर बघून मान हलवली आणि कव्हर उलटलं. नावाची रेघ मोकळी होती. मी पुढची पानं उलटत गेलो. फुग्यांखाली नुसता कागद होता.

“तुमच्या अंकात तेवढीच एक खोट होती,” मास्तर म्हणाला. “रबरानं कागद सोलतो, म्हणून पावाचा गर घेतला. शाळा सुटली की बसायचो आणि एकेक अक्षर उचलायचो. फार दाबून लिहिलेलं होतं हो, खाचा राहत होत्या. मग बटर पेपर ठेवून वरून कोमट इस्त्री फिरवली. आता तिरका धरून बघा.”

मी तिरका धरला. उन्हाकडं धरला. काही दिसलं नाही. त्यानं काम चोख केलं होतं.

खवचटपणानं केलं असतं तर मी त्याची गचांडी धरली असती. पण तो माझ्याकडं असा बघत होता की जणू मी आता काहीतरी चांगलं बोलेन. त्याची ही माफी मागायची तऱ्हा होती आणि मला ते कळत होतं, आणि कळत होतं म्हणून तळपायाची आग आणखीच मस्तकात जात होती. व्यापाऱ्यानं अंक हातात घेऊन पानांवरून अंगठा फिरवला. म्हणाला, याच्या तोडीचा अंक आता जिल्ह्यात न्हाई, किंमत लई वाढली.

“ते माझ्या आईचं अक्षर होतं,” मी म्हणालो. “तिचं दुसरं नाही.”

व्यापाऱ्यानं अंक माझ्यापुढं ठेवला. मग तो हळूच म्हणाला की तुमी आधी सांगायचं हुतं. त्याला मी जे बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. तो उठून स्टँडकडं गेला.

मास्तर खाली बघत बसला होता. मग त्यानं शर्टाच्या खिशातून पेन्सिल काढली आणि भज्यांसाठी ठेवलेल्या वर्तमानपत्राची कोरी कड फाडून घेतली.

“मला सगळं ध्यानात आहे,” तो म्हणाला. “आठवडाभर दुसरं काही बघितलंच नाही. तुमच्या आई आधी अक्षरं काढायच्या आणि शेवटी वरून एकच लांब रेघ ओढायच्या. ती टोकाला खाली घसरायची. तुम्ही म्हणाल तर जिथं होतं तिथं परत लिहून देतो.”

आणि त्यानं तिचं नाव लिहिलं. ते नाव मी त्याला कधी सांगितलं नव्हतं. आधी अक्षरं, त्यांची पोटं तशीच फुगलेली, दोन अक्षरांत तसंच जास्तीचं अंतर, मग वरची रेघ, टोकाला खाली घसरलेली. हुबेहूब आईचं. मी रोज तो अंक उघडायचो, पण मला विचारलं असतं तर मला ती रेघ आठवली नसती. तिला पुसणाऱ्यालाच ती पाठ होती. त्या माणसाचा मला इतका द्वेष कधीच वाटला नव्हता, त्यानं आईला कोंबडी म्हटलं तेव्हासुद्धा नाही.

मी तो कागद त्याच्या हातातून ओढला आणि टपरीवाल्याच्या शेगडीत टाकला. तो पेटायला जरा वेळ लागला. तेवढा वेळ मी तो वाचत उभा राहिलो.