चावी बंद होती

दोन-चार दिवस उभी राहिली की अँब्रोजची मोटरसायकल मान टाकायची. बटण दाबलं की नुसतं टक्‌ टक्‌, मग तेवढंही नाही. नव्या मॉडेलला किक नव्हती. साठी उलटलेला हा माणूस ठाण्याच्या त्या गावठाणातल्या चिंचोळ्या गल्लीतून गाडी ढकलत निघाला की दारादारांतून फुकटचे सल्ले यायचे. बॅटरी बदल, गाडी विकून टाक, काय वाट्टेल ते. बॅटरी त्याने बदललीही होती. तीसुद्धा उतरली.

खरं तर ही लाजेचीच गोष्ट. अँब्रोजची अख्खी नोकरी वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात, मेंटेनन्स इलेक्ट्रिशियन म्हणून गेली. कुणी अंदाजाने बोललं की तो खेकसायचा, "आधी मीटर लाव, मग बोल." आणि आता घरात पडलेला, करंट मोजायचा तोच मीटर बाहेर काढायला त्याचा हात धजत नव्हता. गाडीत काही दोष नाही असं निघालं, तर? मग चावी चालू ठेवून विसरणारा तोच ठरणार होता.

विसरण्याची त्याला भयंकर धास्ती होती. त्याची आई शेवटी शेवटी स्वतःच्याच घरात बसून "मला घरी सोडा" म्हणून रडायची. हल्ली चर्चमध्ये लहानपणापासून पाठ असलेली प्रार्थना त्याची मध्येच तुटायची. मग तो खोकला आल्याचं सोंग करायचा. आजूबाजूचे फसायचे, बायको डॉरिसही फसते असं त्याला वाटायचं. नवऱ्यांना असं बरंच काही वाटत असतं.

शेवटी त्याने एक युक्ती काढली. गाडी लावली की बंद चावीचा मोबाइलवर फोटो काढायचा. या रविवारी चर्चमधल्या मिसाहून चालत घरी आल्यावर त्याने बटण दाबलं, तर पुन्हा टक्‌ टक्‌. त्याने फोटो उघडला. चावी बंद होती. हा मागच्या वेळचा तर नव्हे? त्याने तारीख पाहिली, चष्मा पुसून पुन्हा पाहिली. या वेळचाच होता.

मग मात्र त्याने मीटर काढला.

बॅटरी चार्ज करून घेतली. निगेटिव्हची वायर सोडवून मध्ये मीटर जोडला. चावी बंद असताना काटा जवळपास शून्यावर हवा, पण तो चांगला वर चढला. गाडी उभ्या उभ्या करंट खात होती! त्याने फ्यूज उपसला. काटा हलला नाही. म्हणजे फ्यूजला वळसा घालून कुणीतरी थेट बॅटरीवर बसलं होतं. पॉझिटिव्हच्या जाड वायरीशेजारी एक बारीक लाल वायर दिसली. ती सोडवताच काटा खाली आला. वायर टाकीखाली गेली होती. तिच्या टोकाला काडेपेटीएवढी काळी डबी निघाली.

"डॉरिस!" तो ओरडला. आनंदाने त्याचे डोळे भरून आले. "मी नाही गं! मी नाही विसरलो! गाडीतच फॉल्ट होता!"

हाताला लागलेलं पीठ झटकत डॉरिस बाहेर आली. डबी पाहताच तिचा चेहरा पडला.

"ते काढू नको," ती म्हणाली. "लॅन्सीने लावलंय. गाडी कुठे आहे ते त्याच्या मोबाइलवर दिसतं."

लॅन्सी त्यांचा मुलगा, डोंबिवलीला राहणारा.

"चोरांना एवढी घाबरते तू?"

"चोरांसाठी नाही रे."

"आणि डायरेक्ट बॅटरीवर? चावीवर घ्यायचं ना कनेक्शन! गाढव आहे तुझा पोरगा."

"मीच सांगितलेलं त्याला. तू चावी बंद करून कुठे बसलास, तर कसं कळणार?"

"मी कशाला कुठे बसेन?"

डॉरिस पायरीवर टेकली. "ईस्टरच्या आधी शहाडला गेलेलास, माझ्या बहिणीकडे. पोचलाच नाहीस. अंधार पडायला आला तेव्हा मोहन्याला नदीकाठी सापडलास. लॅन्सी आणायला आलेला. डॉक्टरकडे जाऊ म्हटलं, तर आमच्यावर ओरडलास."

अँब्रोज आठवू लागला. ईस्टर आठवला, जेवण आठवलं. त्याआधीची ती संध्याकाळ काही केल्या सापडेना. तो ओशाळं हसला.

"मोहन्याला? मोहन्याला मी कशाला जाईन?"

"त्या दिवशी तूपण हेच विचारत होतास."

अँब्रोजला भीती वाटत होती, आईच्या घरातली ती जुनी भीती. मग त्याने पाना उचलला, लाल वायर होती तिथे पुन्हा आवळली आणि डबी टाकीखाली सरकवून दिली.

"उद्या डॉक्टरकडे जाऊ," तो म्हणाला. "तू मागे बस. रस्ता सांग मला."