गावपळणीतला वाढदिवस

देवावर चिडायचा हक्क भक्ताला असतो की नाही, मला ठाऊक नाही. पण मी चिडले होते आणि चांगलीच चिडले होते. आज त्याची लाज वाटते, तरी खोटं कशाला लिहू?

दोन हजार तीन साल असेल. आमच्या गावात दर तीन-चार वर्षांनी गावपळण होते. देवाच्या मूर्तीला फुलाच्या पाकळ्या लावून कौल घ्यायचा. उजवी पाकळी पडली की सगळा गाव गुरं, कोंबड्या, कुत्री-मांजरं घेऊन तीन दिवस वेशीबाहेर राहायला जातो. घरांना कड्या लागतात, आत चिटपाखरू राहता कामा नये, आणि परतीचा कौल मिळेपर्यंत कुणी वेस ओलांडायची नाही. व्हाळापलीकडे, ओढ्याच्या त्या काठाला, झोपड्या उभ्या राहतात, तीन दगडांच्या चुली पेटतात, भजनं आणि फुगड्या होतात. लोकांना केवढी मौज वाटते! मलाही दर खेपेला वाटायची.

त्या वर्षी मात्र माझ्याबरोबर मार्टा होती, माझी सून. मुलगा शिपवर, तिकडे जर्मनीत बंदरावर दोघांची ओळख झाली, लग्न झालं आणि तो पुन्हा बोटीवर गेला. ही बिचारी परमुलखात माझ्याजवळ. नारळ खवायला शिकली, माझं ऐकून ऐकून मोडकंतोडकं मालवणी बोलायला लागली, शिमग्यात नाचली, गणपतीत उकडीचे मोदक वळताना दहा फोडले. पण तिच्या आईला हे लग्न पसंत नव्हतं. वर्षभर आई तिच्याशी एक शब्द बोलली नव्हती. ती आईचं नाव काढत नसे, पण टपालवाल्याची सायकल दिसली की हातातलं काम टाकून अंगणात यायची. मला सगळं दिसत होतं.

गावपळणीच्या पहिल्याच दिवशी टपालवाला झोपड्या धुंडाळत आला आणि तिच्या हातात पत्र ठेवून गेला. आईचं! पत्र वाटेत महिनाभर रखडलं होतं. वाचता वाचता पोरीचा चेहरा उतरला. म्हातारी घर सोडून दुसरीकडे राहायला गेली होती. नवा नंबर लिहायचं सुचलं नव्हतं. लिहिलं होतं एवढंच, की तुझ्या वाढदिवसाला तुमच्याकडच्या दुपारी चार वाजता मी फोन करीन. उचलला नाहीस तर तुला बोलायचं नाही असं समजेन आणि पुन्हा त्रास देणार नाही.

वाढदिवस दुसऱ्या दिवशी. आणि फोन कुठे? कडी लावलेल्या घरात, वेशीच्या आत!

मी तिला घेऊन कसालला गेले, तिथल्या बूथवरून जुना नंबर लावून पाहिला. कुणी उचलला नाही. मोबाइल तेव्हा आमच्या बाजूला कुणाजवळ होता? संध्याकाळी मोठ्या दिरांकडे गेले. ते गावचे मानकरी. म्हटलं, पाच मिनिटांपुरती आत जाऊन येते. ते उसळलेच.

"गो, तुका येड लागला काय? देवाक शब्द दिलेलो आसा!"

"देवाक फोन नाय म्हणान तेका काय कळतला?" मीही म्हणाले. एवढ्या वर्षांत त्यांच्यापुढे कधी तोंड वर केलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारणींनी झोपडीत खापरोळ्या केल्या, नारळाचा रस केला. कुणी तिच्या केसांत अबोलीचा वळेसर माळला. ती सगळ्यांशी हसत होती आणि पानातली खापरोळी तशीच होती. मला ते बघवेना. तीन वाजता उठले, व्हाळाकाठच्या वेशीच्या दगडापुढे उभी राहिले आणि गाऱ्हाणं घातलं. गाऱ्हाणं कसलं, भांडलेच.

"बा देवा म्हाराजा, ह्या चेडवाचा काय चुकला? आठ दिस मागसून कौल दिलो असतो तर तुझा काय बिघाडला असता? आता मी आत जातंय. काय करूचा ता माझा कर!"

पाऊल उचललं तेवढ्यात मागून मार्टाने माझा हात धरला. "आई, नको. सगळी भायर आसत. मी पण भायर." डोळे भरलेले, पण हात घट्ट. जिच्यासाठी मी देवाशी भांडत होते तीच देवाच्या बाजूने उभी! संताप आला, रडू आलं. मी मटकन खाली बसले.

तशीच बसले होते, तर रस्त्यावर एक स्कूटर थांबली. वेंगुर्ल्याकडचा एक ख्रिस्ती गृहस्थ, खांद्यावर वायरचं भेंडोळं.

"मावशे, वायच पाणी दितंस?"

तो टेलिफोनचा लाइनमन होता, दुसऱ्या गावची लाइन दुरुस्त करायला निघालेला. पाणी देता देता मी त्यालाही सगळं ऐकवलं, कारण तोवर भेटेल त्याला ऐकवत होते. त्याने तांब्या खाली ठेवला. मग तिठ्यावरच्या लोखंडी पेटीकडे बघून म्हणाला, "तुमच्या गावच्या सगळ्या तारा हयसून आत जातत. घंटी घरात वाजतली, पण बोलाक हयसून येतला."

तो तिठा वेशीच्या बाहेर. कित्येक वर्षं त्या पेटीजवळून गेले, ती कशाची ते कधी विचारलं नव्हतं. त्याने पेटी उघडली, वहीत आमचा नंबर शोधला, आपल्याजवळचा तपासणीचा फोन दोन तारांना चिमट्यांनी जोडला आणि मार्टाच्या हातात दिला. चार वाजले. सव्वाचार झाले. त्याला कामावर जायचं होतं, तरी तो हलला नाही. आणि फोन वाजला.

मार्टा काय बोलली ते मला कळलं नाही. आधी एकच शब्द तीनदा म्हणाली, मग रडली, मग हसली. बऱ्याच वेळाने फोन माझ्या कानाला लावला. पलीकडे एक बाई हुंदके देत होती. मी म्हटलं, "बाये, काळजी करू नको. चेडू माझ्याकडे बरां आसा." तिला काय समजलं असेल? पण हुंदके थांबले आणि मी फोन पुन्हा मार्टाच्या हातात दिला.

त्या भल्या माणसाचं नाव मी विचारलं नाही, याची चुटपुट अजून आहे. मी देवाला एकच वाट दाखवत होते, घराच्या दाराची, आणि ती बंद म्हणून त्याला बोल लावत होते. मदत कुठून यावी हेसुद्धा मीच ठरवून बसले होते.

चौथ्या दिवशी परतीचा कौल लावला. पाकळी डावी पडली. देव नको म्हणाला, म्हणजे आणखी एक दिवस झोपडीत! सगळा गाव कुरकुरला. पाठ मोडून आली होती, तांदूळ संपत आले होते; माझ्याही तोंडात आलंच होतं. मार्टा माझ्याकडे बघत होती. मी तोंड मिटलं, हात जोडले आणि म्हटलं, "बरां तर म्हाराजा, तुझी मर्जी."