कानानं परतलेला मासा

मागच्या हिवाळ्यात सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि त्या श्रीरामपूरजवळच्या गावाहून आठ दिवस आमच्याकडे राहुरीला आल्या. बायको शाळेत शिक्षिका, तिला रजा मिळेना. माझी रजा शिल्लक होती, त्यामुळे दिवसभर सासूबाईंना सांभाळायचं काम माझ्याकडे आलं. डॉक्टरांनी त्यांना काळा चष्मा दिला होता आणि शेगडीजवळ जायचं नाही म्हणून बजावलं होतं. दोन दिवस माझ्या हातची खिचडी खाल्ल्यावर तिसऱ्या दिवशी त्यांनी हळूच विचारलं, तुमच्याकडं धरणाचा मासा मिळत असंल ना?

मी उत्साहाने उठलो. आदल्याच दिवशी मोबाईलवर एका आचाऱ्याने मासा नुसता तव्यावर खरपूस भाजून त्यावर चकचकीत गोड-खारट रस ओतलेला मी पाहिला होता. तो आचारी अजिबात घामाघूम झाला नव्हता, म्हणजे काम सोपं असणार.

बाजारात मासेवालीकडे ताजा रोहू होता. खवले काढा पण कातडी ठेवा आणि काटे मात्र सगळे काढून टाका, असं मी सांगितलं. तिने कोयता खाली ठेवला. काटे काढल्यावर मासा राहतो का, असं तिने शांतपणे विचारलं आणि आपल्या पद्धतीने तुकडे करून दिले. वाण्याकडून सोया सॉसची बाटली घेतली. मध कुठे ठेवलाय ते सापडेना, म्हणून सासूबाईंनी गावाहून आणलेल्या गुळाच्या ढेपेतला एक खडा फोडला.

सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून बसल्या. तोंड हॉलकडे, पाठ माझ्याकडे. शेगडीकडे बघायचंसुद्धा नाही, असा त्यांनी डॉक्टरांच्या बोलण्याचा अर्थ लावला होता.

तवा तापला, तेल टाकलं, तुकडे ठेवले. अर्ध्या मिनिटात मला धीर धरवेना. उलथनं घातलं तर मासा वर आला आणि कातडी तव्यालाच राहिली. दुसऱ्या तुकड्याचे तीन झाले.

"हात लावला ना?" पाठमोऱ्या सासूबाई म्हणाल्या.

मी नाही म्हणालो.

"आवाज बदलला की, जावईबापू. तवा खरडून घ्या. मासा पुसून ठिवा. अन् मी सांगंपर्यंत हात पाठीमागं."

मी नव्या नॅपकिनने धड उरलेले चार तुकडे कोरडे केले, पुन्हा तव्यावर ठेवले आणि खरोखरच हात पाठीमागे बांधून उभा राहिलो. तडतड जोरात सुरू झाली. मला वाटलं, आता करपणार. त्या मात्र मान किंचित वाकडी करून ऐकत होत्या. मग तडतड बारीक झाली. आता, असं त्या म्हणाल्या. मी उलथनं सरकवलं आणि तुकडा आपणहून सुटला, खाली तांबूस, कुरकुरीत. चारही तुकडे तसेच निघाले. मला माझाच अभिमान वाटला.

त्या भरात मी लसूण, मिरची, सोया सॉस आणि गूळ तव्यात घातला. रस फसफसून घट्ट होऊ लागला. खुर्ची करकरली.

"गूळ इतळतोय का?"

मी कबूल केलं.

"मासळीत?"

मी पुन्हा कबूल केलं. त्यांनी काळा चष्मा नीट बसवला. मग एवढंच म्हणाल्या, की लिंबू तरी पिळा वरून.

जेवताना त्यांनी पहिला घास फार सावधपणे घेतला. काटा काढून ताटाच्या कडेला ठेवला, भाकरी मोडली, दुसरा घास घेतला. तिसरा तुकडा माझ्या वाटणीचा होता, तो त्यांनी उचलला. बहुधा चष्म्यातून दिसलं नसेल. शेवटी भाकरीच्या तुकड्याने ताटातला रस पुसून घेत त्या म्हणाल्या, "मासा न्हाई हा. पण वाईट न्हाई."

संध्याकाळी बायको आली आणि करपलेल्या गुळाचा तवा घासत बसली. मासा झाला होता, हे तिला वासावरूनच कळलं होतं. तिच्यासाठी मात्र शेपटीकडचा एकच तुकडा उरला होता.

महिन्याभराने सासूबाईंचा गावाहून फोन आला, तोही मला. भिशीच्या बायकांना त्यांनी गुळातला मासा खायला घातला होता. ते बाटलीतलं काळं पाणी गावात मिळालं नाही, म्हणून चिंचेचा कोळ घातला आणि चवीपुरतं मीठ. बायकांनी ताटं चाटली म्हणे. मीही तसा करून पाहिला. माझ्या पहिल्या माशापेक्षा तो फार चांगला झाला, हे मला मान्य करावं लागलं.

आता आमच्या घरी दर पंधरा दिवसांनी तो होतो. पाहुण्यांना बायको सांगते, ही आमच्या आईची रेसिपी. मी वाढायला उभा असतो.